पासवर्ड न विचारणारा लिनक्स

घरातल्या टेबलावर एक संगणक आहे, त्यात लिनक्स आहे आणि तो वापरणारी व्यक्ती एकच आहे. तरीही रोज बटण दाबल्यावर तो मध्येच थांबतो, नाव दाखवतो आणि पासवर्ड मागतो. विंडोज सोडून नव्याने लिनक्सकडे आलेल्या माणसाचा पहिल्या काही दिवसांतला प्रश्न बहुधा हाच असतो, की हे विचारणे बंद करता येईल का? येते. बहुतेक वितरणांमध्ये, म्हणजे लिनक्सच्या तयार रूपांमध्ये, सेटिंगमधले एक बटण सरकवले की काम होते. अवघड आहे ते पुढचे. त्या बटणाने नेमके काय बंद होते, काय चालूच राहते आणि काय मध्येच अडकून बसते, हे समजून घ्यावे लागते. ते न समजल्यामुळे काही जण या सोयीला उगाच घाबरतात आणि काही जण त्याहून वाईट करतात, म्हणजे पासवर्डच रिकामा करून टाकतात.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. एकच माणूस वापरत असलेल्या घरगुती डेस्कटॉपवर, डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर, स्वयंचलित लॉगिन ही अगदी योग्य सोय आहे. पाठीवरच्या पिशवीतून फिरणाऱ्या लॅपटॉपवर ती योग्य नाही. या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा आहे आणि तिथे प्रत्येकाने आपापले ठरवायचे आहे.

हा विषय आत्ताच घेण्याला एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अजून उत्तम चालणारे संगणक अनेकांच्या घरी आहेत. त्यांच्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून ते आई-वडिलांना वापरायला देणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. पण ज्येष्ठ माणसे बहुधा अडतात ती लॉगिनच्या चौकटीपाशीच. अक्षरांऐवजी ठिपके दिसतात, कॅप्स लॉक चालू राहिलेले असते. मराठी घरांत तर आणखी एक अडचण आहे. कीबोर्डची मांडणी मराठी इनस्क्रिप्टवर राहिली असेल आणि पासवर्ड रोमन अक्षरांत ठेवलेला असेल, तर बोटे बरोबर कळांवर पडूनही पासवर्ड चुकतो, आणि का चुकला हे ठिपक्यांवरून कळत नाही. लॉगिन पडद्याच्या कोपऱ्यात मांडणी दाखवणारे छोटे चिन्ह असते, पण तिकडे पाहायचे असते हे कुणी सांगितलेले नसते. मुले पुण्यात किंवा परदेशात असतील तर फोनवरून ही गुंतागुंत सोडवणे दोन्ही बाजूंना जिकिरीचे होते. दुरून मदत करण्याचे काही प्रोग्राम तर लॉगिन झाल्यावरच चालू होतात.

एकट्याच्या संगणकालाही लिनक्स ‘तू कोण’ असे का विचारतो, याचे उत्तर इतिहासात आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एका महागड्या यंत्रावर अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून एकाच वेळी काम करू शकतील, अशी ती व्यवस्था होती. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या आणि प्रत्येकाला यंत्राचा ठरावीक वेळ. मग कोणता माणूस कोणता, हे ओळखायला पासवर्ड आला. १९६२ मध्ये तिथलाच संशोधक ॲलन शेर याला वाट्याला आलेला वेळ पुरेना, म्हणून त्याने पासवर्डची फाइलच छापून घेतली. संगणकाच्या पासवर्डची पहिली ज्ञात चोरी म्हणून हीच घटना सांगतात. १९६९ पासून बेल लॅब्समध्ये घडत गेलेल्या युनिक्सनेही अनेकांनी मिळून वापरायचे यंत्र हीच कल्पना पुढे नेली. १९७१ च्या त्याच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत इनिट, गेटी आणि लॉगिन हे तीनही प्रोग्राम सापडतात. इनिट यंत्र उभे करतो, गेटी टर्मिनलवर माणसाची वाट पाहतो, लॉगिन ओळख पटवतो. पन्नासहून अधिक वर्षांनंतर लिनक्समध्येही हीच साखळी चालते.

लिनक्सचा स्वतःचा आरंभ मात्र याच्या उलट झाला. १९९१ मध्ये हेलसिंकीत लायनस टोरव्हाल्ड्स ज्या संगणकावर लिनक्स लिहीत होता, तो त्याचा घरचा, एकट्याचा ३८६ जातीचा पीसी होता. सुरुवातीचा लिनक्स चालू केला की तो काहीही न विचारता थेट सर्वाधिकारी रूट वापरकर्त्याच्या कमांड-ओळीवर नेऊन सोडत असे. लॉगिनची ओळ आली ती मार्च १९९२ मधल्या ०.९५ आवृत्तीत. म्हणजे स्वयंचलित लॉगिन ही लिनक्सच्या तत्त्वात न बसणारी, विंडोजकडून उचललेली सवय आहे असे जे अधूनमधून ऐकू येते, त्याला आधार नाही. फरक इतकाच, की तेव्हाचा प्रवेश रूट म्हणून होई. तो आज कुणीही करू नये. आज आपण ज्या सोयीबद्दल बोलतो आहोत, ती साध्या, मर्यादित अधिकारांच्या खात्यात आपोआप शिरण्याची आहे.

आता बटण दाबल्यापासून काय घडते ते पाहू. आधी मदरबोर्डवरचे फर्मवेअर जागे होते, ते बूटलोडरला बोलावते, बूटलोडर लिनक्सचा कर्नल स्मृतीत आणतो. कर्नल हार्डवेअर ओळखून पहिली प्रक्रिया सुरू करतो. आज बहुतेक वितरणांत ती सिस्टमडी असते. सिस्टमडी एकेक सेवा उभी करत शेवटी डिस्प्ले मॅनेजर नावाच्या प्रोग्रामपाशी येते. चित्रमय लॉगिन पडदा दाखवण्याचे काम याचे. या जातीचा पहिला प्रोग्राम, एक्सडीएम, १९८८ मध्ये आला. आज उबंटू आणि फेडोराच्या मुख्य आवृत्त्यांत जीडीएम असतो, लिनक्स मिंटमध्ये लाइटडीएम, आणि केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपसोबत इतकी वर्षे एसडीडीएम येत आला आहे.

डिस्प्ले मॅनेजर स्वतः पासवर्ड तपासत नाही. तो ते काम पॅम या व्यवस्थेकडे सोपवतो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये मांडलेली ही कल्पना आहे. ओळख कशी पटवायची हे प्रत्येक प्रोग्रामने आपापले न ठरवता, एका ठिकाणी लिहिलेल्या नियमांवर सोडायचे. पासवर्ड, बोटाचा ठसा, हार्डवेअर किल्ली, काहीही असो, प्रोग्राम फक्त पॅमला विचारतो आणि पॅम हो किंवा नाही सांगतो. पासवर्ड तपासायचा तर पॅम ‘शॅडो’ नावाच्या फाइलकडे जातो. तिथे पासवर्ड साठवलेला नसतो, त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेली खूण असते. पासवर्डवरून हॅश काढता येतो, हॅशवरून पासवर्ड काढता येत नाही. ही एकच गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचाच उपयोग आहे.

लॉगिनच्या त्या चौकटीत तीन कामे एकामागोमाग उरकली जातात. पहिले, कोण आले आहे ते कळते. दुसरे, तो खरोखर तोच आहे याची खात्री होते. तिसरे काम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. टाइप केलेला पासवर्ड क्षणभर हाताशी असतो, तेवढ्यात त्याच पासवर्डने बंद केलेली आणखी काही कुलपे उघडून घेतली जातात. स्वयंचलित लॉगिन चालू केले की पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका फाइलमध्ये लिहून ठेवलेले असते, आणि दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही. जीडीएमसाठी तर पॅममध्ये स्वयंचलित लॉगिनचे नियम वेगळ्या फाइलमध्येच असतात. तिसरे काम मात्र अडते, कारण पासवर्ड कुणी टाइपच केलेला नसतो, आणि डिस्कवर असलेल्या हॅशवरून तो मिळवता येत नाही.

सोय चालू करण्याची कृती लहानशी आहे. उबंटू २४.०४ मध्ये सेटिंग्ज उघडून सिस्टम आणि त्यात युजर्स इथे जायचे, वरच्या अनलॉक बटणावर पासवर्ड द्यायचा आणि ऑटोमॅटिक लॉगिनचे बटण सरकवायचे. लिनक्स मिंटमध्ये मेनूत लॉगिन विंडो शोधायचे, युजर्स हा भाग उघडायचा आणि ऑटोमॅटिक लॉगिनखाली आपले लॉगिननाव लिहायचे. तिथेच किती सेकंद थांबायचे हा आकडाही देता येतो. शून्य ठेवले तर लॉगिन पडदा दिसतच नाही. मी पाच-दहा सेकंद ठेवायला सुचवेन, म्हणजे कधी दुसऱ्या खात्यात जायचे असेल तर तेवढ्यात निवडता येते. प्लाझ्मात एसडीडीएम असेल तर सिस्टम सेटिंग्जमधल्या लॉगिन स्क्रीनच्या पानावर बिहेवियर नावाचे बटण आहे, त्यात वापरकर्ता आणि कोणते सत्र उघडायचे हे दोन्ही सांगायचे असते. लिनक्स नव्याने बसवत असाल तर उबंटू आणि मिंटचे इन्स्टॉलर खाते तयार करतानाच हा पर्याय पुढे ठेवतात. बदल पाहायला संगणक पुन्हा चालू करावा लागतो. नुसते लॉग आउट केले तर साधारणपणे लॉगिन पडदाच येतो, कारण हा आपोआप प्रवेश संगणक सुरू झाल्यावर एकदाच करायचा असतो.

पडद्यामागे हे सगळे साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिले जाते, आणि मला लिनक्सची ही गोष्ट फार मोलाची वाटते. बदल कुठे झाला हे डोळ्यांनी वाचता येते आणि हाताने उलटवताही येते. उबंटूत ईटीसी फोल्डरमधल्या जीडीएम-३ या उपफोल्डरात कस्टम-डॉट-कॉन्फ नावाची फाइल असते. तिच्या डिमन या भागात दोन ओळी येतात, एक स्वयंचलित लॉगिन चालू आहे असे सांगणारी आणि दुसरी वापरकर्त्याचे नाव सांगणारी. फेडोरात त्याच नावाची फाइल ईटीसीमधल्या जीडीएम या उपफोल्डरात असते आणि डेबियनमध्ये तिचे नाव डिमन-डॉट-कॉन्फ. लाइटडीएममध्ये ऑटोलॉगिन-युजर अशी एक ओळ पुरते. कधी डेस्कटॉप बिघडला आणि आपोआप आत शिरून पडदा काळाच राहू लागला, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबाव्यात. मजकुराची लॉगिन-ओळ येते. तिथून आत जाऊन त्याच फाइलमधल्या ओळी पुसल्या की नेहमीचा लॉगिन पडदा परत येतो. मजकुराच्या या पडद्यावर देवनागरी धड उमटत नाही, म्हणून लॉगिननाव आणि पासवर्ड दोन्ही रोमन अक्षरांत ठेवलेले बरे.

जिथे पडदा सतत तेच एक काम दाखवत असतो, तिथे तर ही सोय अपरिहार्यच आहे. दुकानातला दरफलक, ग्रंथालयातले पुस्तक शोधण्याचे यंत्र, टीव्हीला जोडलेला संगणक. वीज जाऊन आली तरी कुणी कळ न दाबता ते पुन्हा उभे राहिले पाहिजेत. त्यासाठी स्वयंचलित लॉगिनबरोबर बायोसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये, वीज परतल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्यायही निवडावा लागतो. रास्पबेरी पायची डेस्कटॉप प्रणाली तर मुळातच आपोआप लॉगिन होते. पूर्वी तिच्यात सगळ्यांना ठाऊक असलेले एकच ठरावीक खाते यायचे. एप्रिल २०२२ पासून ते काढले आणि पहिल्यांदा चालू करताना स्वतःचे खाते बनवणे आवश्यक केले. आपोआप प्रवेश ठेवला, पण सर्वांना माहीत असलेला पासवर्ड घालवला. हा निर्णय मला अगदी बरोबर वाटतो, कारण धोका मोठा त्या पासवर्डाचाच होता.

सोय चालू केल्यावर पासवर्ड नाहीसा होत नाही. नवे सॉफ्टवेअर बसवताना, प्रणालीची सेटिंग बदलताना, प्रशासकीय अधिकार मिळवून देणारी सुडो कमांड देताना तो पूर्वीसारखाच विचारला जातो. नेटवर्कवरून एसएसएचने आत यायचे तरी तो लागतो. पडदा काही मिनिटांनी बंद होऊन कुलूप लागणे ही वेगळी सेटिंग आहे, ती स्वयंचलित लॉगिनने बदलत नाही. म्हणून पुष्कळ जण तक्रार करतात, की सोय चालू केली तरी चहा पिऊन आलो की पासवर्ड विचारतोच. तो पडद्याच्या कुलपाचा पासवर्ड असतो. हवे तर प्रायव्हसीच्या पानावर जाऊन तेही बंद करता येते, पण घरी पाहुणे, मुले, कामाला येणारी माणसे असतील तर ते चालू ठेवलेले चांगले. सकाळी विनासायास आत जावे आणि टेबलावरून उठल्यावर कुलूप लागावे, ही जोडी माझ्या मते सर्वांत सुखाची.

आता त्या अडलेल्या तिसऱ्या कामाकडे येऊ. स्वयंचलित लॉगिन चालू केल्यावर दुसऱ्याच दिवशी क्रोम उघडताना एक चौकट येते आणि सांगते, की लॉगिन कीरिंग उघडलेले नाही, पासवर्ड द्या. माणूस वैतागतो, कारण पासवर्ड टाळायलाच तर हे सगळे केले होते. कीरिंग ही आपल्या होम फोल्डरातली एक एन्क्रिप्ट केलेली फाइल आहे. ब्राउझर, मेलचे प्रोग्राम, वाय-फाय यांची गुपिते तिच्यात असतात आणि ती लॉगिनच्या पासवर्डनेच बंद केलेली असते. एरवी लॉगिन करताना ती आपोआप उघडते. आता उघडायला पासवर्डच नाही, म्हणून पहिला गरजू प्रोग्राम दार ठोठावतो. क्रोम आपण साठवलेल्या पासवर्डांची किल्ली इथे ठेवतो, त्यामुळे बहुधा त्याचाच नंबर पहिला लागतो. केडीईमध्ये हेच काम वॉलेट करते, आणि तिथल्या लॉगिन पडद्याच्या सेटिंगमध्ये ही अडचण आधीच स्पष्ट लिहून दिलेली आहे. वाय-फायबद्दल एक सोपा उपाय आहे. जोडणीच्या सेटिंगमध्ये पासवर्ड ‘फक्त या वापरकर्त्यासाठी’ ऐवजी ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ साठवायला सांगितले, की तो कीरिंगबाहेर, प्रणालीच्या फोल्डरात जातो आणि संगणक कुणाची वाट न पाहता नेटला जोडला जातो.

कीरिंगच्या चौकटीपुढे तीन रस्ते आहेत. एक, दिवसातून एकदा पासवर्ड द्यायचा आणि गप्प बसायचे. ब्राउझर रोज लागतच असेल तर मग स्वयंचलित लॉगिनने काही वाचले नाही, नुसती जागा बदलली. दुसरा रस्ता सर्रास सुचवला जातो. पासवर्ड्स अँड कीज या प्रोग्राममध्ये जाऊन लॉगिन कीरिंगचा पासवर्ड बदलायचा आणि नवा रिकामा ठेवायचा. चौकट कायमची जाते, पण त्याबरोबर ती गुपिते डिस्कवर उघड्या मजकुरात पडतात. प्रोग्राम तशी सूचना देतो, लोक वाचत नाहीत. ही सूचना वाचावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. डिस्क एन्क्रिप्ट नसेल तर हा रस्ता घेऊ नये. तिसरा रस्ता डिस्कच्या एन्क्रिप्शनमधून जातो, आणि सगळ्या विषयाची गाठ तिथेच आहे.

लॉगिनचा पासवर्ड आपल्या फाइलींचे रक्षण करतो हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. तो फक्त चालू असलेल्या प्रणालीच्या दारावर उभा असतो. डिस्क एन्क्रिप्ट नसेल तर कुणीही पेनड्राइव्हवरून दुसरा लिनक्स चालू करून किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावून सगळ्या फाइली वाचू शकतो. त्याला पासवर्ड ठाऊक असण्याची गरजच नाही. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार सताड उघडे, असा तो प्रकार आहे. म्हणून एन्क्रिप्ट नसलेल्या संगणकावर लॉगिनची चौकट काढल्याने जाणकार चोराच्या बाबतीत फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते सहज डोकावणाऱ्याच्या बाबतीत. शेजारचा मुलगा, घरी आलेला दुरुस्तीवाला, कुणीही बटण दाबतो आणि थेट तुमच्या मेलपुढे, फोटोंपुढे येऊन बसतो. फायरफॉक्समध्ये साठवलेले पासवर्ड तर प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल तर दोन-चार क्लिकमध्ये वाचता येतात.

लिनक्सवर पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याची प्रचलित पद्धत लक्स आहे, आणि मोठ्या वितरणांच्या इन्स्टॉलरमध्ये ती एका पर्यायाने मिळते. ती लिनक्स बसवतानाच निवडावी, नंतर करणे कटकटीचे आहे. लक्स लावले की संगणक चालू होताना, डेस्कटॉपच्याही आधी, डिस्कचा पासवर्ड मागितला जातो. मग लगेच लॉगिनचा दुसरा पासवर्ड मागणे एकट्या माणसासाठी खरोखरच निरर्थक असते. इथेच स्वयंचलित लॉगिन शोभते. एकच पासवर्ड, पण तो योग्य ठिकाणी, जिथे तो फाइलींचे खरेखुरे रक्षण करतो. फेडोरासारख्या काही वितरणांत यापुढची सोयही आहे. डिस्कचा पासवर्ड टाइप केल्यावर तो थोडा वेळ कर्नलच्या स्मृतीत राखला जातो आणि जीडीएम तोच कीरिंगला देतो. डिस्कचा आणि लॉगिनचा पासवर्ड एकच ठेवला असेल तर कीरिंगची चौकटही येत नाही. जिथे ही सोय नाही, तिथे एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवणे मला मान्य आहे, कारण ती उघडी फाइल एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कच्याच आत आहे.

दोन ठिकाणी मात्र थांबा. पूर्ण डिस्कऐवजी फक्त होम फोल्डर एन्क्रिप्ट केलेला असेल, तर त्याची किल्ली लॉगिनच्या पासवर्डनेच उघडते. तिथे स्वयंचलित लॉगिन चालू केले तर डेस्कटॉप उघडणारच नाही. दुसरे ठिकाण नवे आहे. मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपमध्ये डिस्कची किल्ली ठेवून संगणकाला पासवर्डाविना डिस्क उघडू देता येते. ही सोय चांगली आहे, पण तिच्या जोडीला स्वयंचलित लॉगिन ठेवले तर कुठेच काही विचारले जात नाही. डिस्क वेगळी काढून नेणाऱ्याला काही मिळणार नाही, पण आख्खा संगणक उचलून नेणाऱ्याला बटण दाबले की सगळे मिळेल. टीपीएम वापरत असाल तर लॉगिनची चौकट राहू द्या, नाहीतर टीपीएमला पिन जोडा.

लॅपटॉपचे वेगळेपण यातूनच येते. तो सहसा बंद नसतो, झोपवलेला असतो. झाकण मिटलेल्या लॅपटॉपची डिस्क उघडीच असते, एन्क्रिप्शनचा पासवर्ड केव्हाच देऊन झालेला असतो, आणि मध्ये उभे असते ते फक्त पडद्याचे कुलूप. एसटीत किंवा लोकलमध्ये हरवलेल्या लॅपटॉपसाठी तेच शेवटचे रक्षण आहे. स्वयंचलित लॉगिन करणारी माणसे बहुधा त्याच झटक्यात पडद्याचे कुलूपही काढतात, म्हणून फिरत्या यंत्रावर हा विचारच करू नये असे मी सांगतो. ऑफिसचा संगणक, वसतिगृहातला संगणक, दोघा-तिघांत वाटलेला घरचा संगणक यांनाही हेच लागू आहे. घरात मुलांसाठी स्वयंचलित लॉगिन हवेच असेल तर त्यांचे वेगळे, प्रशासकीय अधिकार नसलेले खाते बनवा आणि आपोआप प्रवेश त्याच खात्यात ठेवा. नवे काही बसवायचे झाले की प्रणाली मोठ्यांच्या खात्याचा पासवर्ड मागेल, आणि तसेच व्हायला हवे.

पासवर्ड रिकामा करणे, रूट म्हणून आपोआप लॉगिन करणे, सुडोला पासवर्ड न विचारायला सांगणे, या तिन्ही गोष्टी स्वयंचलित लॉगिनच्या नावाखाली केल्या जातात. त्यातल्या कशाचीही गरज नसते. चौकट गेली तरी पासवर्ड मजबूत राहिला पाहिजे, कारण चुकून चालू झालेला एखादा घातक प्रोग्राम आणि तुमची प्रणाली यांच्यामध्ये तोच उभा असतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, जी सोय चालू करण्याआधीच करायची आहे. रोज टाइप न होणारा पासवर्ड माणूस विसरतो. काही महिन्यांनी अपडेट पासवर्ड मागते आणि तो आठवत नाही. लॉगिनचा पासवर्ड रिकव्हरी मोडमधून बदलता येतो, पण जुन्या पासवर्डने बंद झालेले कीरिंग त्याने उघडत नाही. लक्सचा पासवर्ड विसरला तर डिस्क कुणालाच उघडता येत नाही. तेव्हा दोन्ही पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा, लक्समध्ये दुसरा पासवर्ड जोडता येतो तो जोडून घ्या, फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा, आणि मग निश्चिंतपणे ते बटण सरकवा.